मामाने जुंपलेला कम्प्युटर

आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावात कोणाच्याही लग्नाला गेले आणि ओळखीचं माणूस भेटलं, की दुसऱ्याच वाक्याला विचारतं, "तू त्याचीच भाची न?" मी हो म्हणायच्या आत ते हसायला लागतं आणि माझ्याच मामाच्या गोष्टी मला ऐकवायला घेतं. त्याने मोटरसायकलचे आरसे काढून टाकले ती गोष्ट, पोलिसाने अडवलं तेव्हा त्यालाच दोन शब्द सुनावले ती, आणि पोळ्याला कम्प्युटरला बाशिंग बांधलं ती. मी ऐकून घेते. चारचौघांत हसतेही, कारण गोष्टी हसण्यासारख्याच आहेत. त्यातल्या शेवटच्या गोष्टीतला कम्प्युटर कोणाचा होता, एवढंच सांगायचं लोकांच्या राहून जातं.

मामा धुरकरी होता. आमच्याकडे शंकरपट म्हणतात ती बैलजोड्यांची शर्यत, आणि छकड्याच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, धुरेवर बसून जोडी पळवतो तो धुरकरी. शेती होती, भाताचं पीक होतं, पण ते सगळं मामी बघायची. मामाला शेतीचं विचारलं तर तो आभाळाकडे बघायचा. पटाचं विचारलं की मात्र जेवता जेवता ताट सारून उठायचा आणि जोडी कशी सुटली, कुठे वळली, कोणता बैल कुठे दबला, हे अंगणभर पळून दाखवायचा. मामी त्याचं ताट झाकून ठेवायची. माझ्या आठवणीत तो एकदाही सावकाश जेवलेला नाही.

मागे बघायचं नाही, हा त्याचा धर्म होता. पटावर धुरकऱ्याने मागे पाहिलं की हात ढिला पडतो आणि जोडीला ते कळतं, असं तो सांगायचा. खरंही असेल. पण मामाने तो नियम घरात आणला. दार उघडं टाकून जायचा, नळ चालू ठेवून जायचा, बोलणं अर्धं टाकून निघून जायचा. मोटरसायकलचे आरसे त्याने त्याच कारणाने काढले होते. त्याच्या मागे जे सांडायचं ते कोणी ना कोणी भरत राहायचं, आणि त्या घरात ते कोणी म्हणजे मामीच. गावाला यात फक्त गंमत दिसायची, कारण गाव नेहमी त्याच्या पुढच्या बाजूला उभं असायचं.

मग कोर्टाची पटावर बंदी आली. एका दिवसात मामा रिकामा झाला. जोडी गोठ्यात उभी आणि हा पडवीत. पटाच्या बैलांना नांगराला जुंपणं म्हणजे पाप, असं म्हणून त्याने तीही सोय ठेवली नाही. मामी त्या बैलांना सरकीची ढेप चारायची आणि नांगरणीला दुसऱ्याचे बैल भाड्याने सांगायची. मामा आधी वर्षभर चिडला, मग गप्प झाला, आणि मग कोणाच्या तरी मोबाइलवर त्याला गाड्यांच्या शर्यतीचा गेम दिसला. तेव्हापासून तो पुन्हा बोलायला लागला. गेमला तो पटच म्हणायचा. वळणावर मोबाइलसकट अख्खा वाकायचा, तोंडाने बैल हाकल्याचा आवाज काढायचा, आणि हरला की मोबाइल गव्हाच्या कोठीवर आपटायचा.

आता माझ्याकडे येते. लॉकडाऊनचं दुसरं वर्ष होतं. माझं बी.एस्सी. झालं होतं आणि नागपूरच्या एका लहान कंपनीने मला घरून काम देऊन पाहायचं ठरवलं होतं. शाळेच्या मुलांसाठी ते धड्यांचे व्हिडिओ बनवायचे. ते कापायचे, जोडायचे, खाली मराठीत ओळी टाकायच्या, हे काम. त्यासाठी माझ्या शिष्यवृत्तीतून मी गोंदियाहून एक जुना, ऑफिसातून काढलेला छोटा कम्प्युटर आणला होता. टेबलावर पुस्तकासारखा उभा राहणारा, चार बोटं रुंदीचा काळा डबा. आमच्या खेड्यात नेटवर्क यायचं नाही म्हणून तो मामाकडे गोरेगावला ठेवला, आणि मीही तिथेच राहायला गेले.

बाबांनी परवानगी दिली ती एका अटीवर. ते मोठ्याने बोलत नाहीत. एकदाच बोलले, की कंपनीने कायम घेतलं तर दोन वर्षं स्थळाचं नाव काढणार नाही, नाही घेतलं तर उन्हाळ्यात लग्न. आमच्या घरात यापेक्षा मोठी सूट कोणत्याच मुलीला मिळालेली नव्हती. माझ्या मोठ्या बहिणीला तर अटही मिळाली नव्हती. मला नागपूर बघायचं होतं, स्वतःच्या खोलीची किल्ली हवी होती, आणि त्या सगळ्याची वाट त्या काळ्या डब्यातून जात होती. हे मी मामाला सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "याच्यावर पट चालते काय?"

चालत होता, पण अडखळत. मी दुपारी जेवायला उठले की मामा खुर्चीत. मोठ्या पडद्यावर गाडी बघून त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले होते. पण गाडी वळणावर आली की चित्र थांबायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं, आणि तोवर गाडी झाडात. मामाने याचा अर्थ लावला की डब्यात दम नाही. मी समजावलं, हे ऑफिसचं यंत्र आहे, यात गेमसाठी लागतं ते ग्राफिक्स कार्ड नाही, आणि माझ्या कामाला ते लागतही नाही. यातलं 'लागत नाही' त्याने ऐकलं नाही. 'कार्ड' तेवढं ऐकलं.

पोळ्याला मी चार दिवस घरी गेले. परत आले तर पुढच्या खोलीत माझ्या डब्याची एक बाजूच नव्हती. पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्याची कैची आणून मामाने ती कापून काढली होती. आतून एक वीतभर लांब, दोन पंख्यांचं कार्ड अर्धं बाहेर आलेलं. कापलेल्या कडांनी हात चिरू नये म्हणून त्याने कडेला सायकलची जुनी ट्यूब बसवली होती, आणि वरून बैलाचं बाशिंग बांधून हळद-कुंकू लावलं होतं. पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर माझ्या कम्प्युटरचीही पूजा झाली होती. आळीतली माणसं येऊन फोटो काढून गेली होती. तो फोटो अजून फिरतो.

कार्ड त्याने गोंदियाहून आणलं होतं, बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतलं. दुकानदाराने त्याला बजावलं होतं. हे मामानेच मला सांगितलं, दुकानदाराच्या हिंदीची नक्कल करून, "चाचा, ये आपके डब्बे में बैठेगा नहीं, और सप्लाय छोटी है, उठाएगी नहीं." डब्यात वीज पुरवणारा जो भाग असतो तो ऑफिसच्या कामापुरताच असतो. एवढ्या कार्डाला तो पुरत नाही, आणि कार्डाला लागणारी वेगळी वायरही त्यात नसते. मामाने कुठून तरी एक जोडवायर मिळवली होती, हार्ड डिस्कची वीज वाटून कार्डाला देणारी. माझं सगळं काम त्याच हार्ड डिस्कवर होतं.

मी म्हटलं, मामा, हे काढ. दुकानदार सांगतो आहे ते ऐक. तर त्याने मला खाली बसवलं आणि अगदी प्रेमाने समजावलं. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण आयुष्यात इतक्या प्रेमाने मला कोणी इतकी चुकीची गोष्ट सांगितलेली नाही.

"बाई, तो दुकानदार हाय, त्यानं कधी जोडी जुंपली काय? नवा गोऱ्हा असते न, त्याले पटाच्या तगड्या बैलासंग जुंपते. पयल्या दिवशी फरफटते. मंग रोज थोडं थोडं पळवलं का त्याले बी दम येते. हा सप्लाय मनजे गोऱ्हा हाय. मी शिकवून राहिलो त्याले."

आणि खरंच तो शिकवत होता. सकाळी एक छोटी फेरी. दुसऱ्या दिवशी दोन. मग डब्यावर हात ठेवून तापला का बघायचा, आणि तापला असला की गेम बंद करून कांबळं टाकलेल्या बैलासारखा त्याला गप्प उभा राहू द्यायचा. जुन्या धुरकऱ्यांना तो फोनवर त्याची प्रगती सांगायचा. कोणी हसलं नाही. पटाच्या माणसांना ते पटण्यासारखंच होतं, गोऱ्हा असाच तयार होतो. त्यातल्या एकानेही आयुष्यात असं काही वापरलं नव्हतं, जे मेहनत करून तगडं होत नाही.

मामीला मी म्हटलं, तू तरी सांग. मामी तांदूळ निवडत होती. म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगून राहिले.

खोटं कशाला बोलू, ते आठ-दहा दिवस माझंही काम भरभर झालं. व्हिडिओ तयार व्हायला आधी तासभर लागायचा तो पटकन व्हायला लागला. कंपनीतल्या नागपूरच्या मॅडम खूश होत्या. मामा खोलीतून जाता येता विचारायचा, "पाह्य, झालं का नाही बेस?" मला हो म्हणावं लागायचं. मला वाटायला लागलं, की उगाच चिडले मी. कार्ड काढून डबा पुन्हा होता तसा करण्यासारखी जागाही राहिली नव्हती, पत्रा कापलेलाच होता. म्हणून मग मी तो विषय सोडला आणि कंपनी कायम घेण्याआधी घेणार होती त्या शेवटच्या परीक्षेच्या तयारीला लागले.

परीक्षा म्हणजे मॅडम सकाळी अकराला ऑनलाइन येणार, तिथेच एक कच्चा व्हिडिओ देणार, आणि त्यांच्यासमोर तो मी पूर्ण करून द्यायचा. आमच्या तुकडीत आणखी काही जणी होत्या आणि जागा एकच होती. मी मामाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, की उद्या कम्प्युटरला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "हात कायले लावतो मी, तुया दिवस हाय उद्या."

सकाळी मी न्हायला गेले. केस धुतले, आईची निळी साडी नेसायची म्हणून काढून ठेवली होती, कॅमेऱ्यात बरी दिसते म्हणून. न्हाणीतून बाहेर आले तर पुढच्या खोलीतून गाडीचा आवाज येत होता, आणि त्यात मामाचा बैल हाकल्याचा आवाज. मी ओल्या केसांनी धावले. मामा खुर्चीत पुढे वाकून बसला होता. त्याने सगळ्यात अवघड पट लावला होता, सगळं चित्र सगळ्यात भारी करून. मी ओरडले. त्याने अर्थातच मागे पाहिलं नाही.

"फेरी देऊन राहिलो," तो म्हणाला. "पटाच्या आंधी जोडीले फेरी द्या लागते. थंडी जोडी कोणी सोडते काय?"

एवढं बोलतो आहे तोवर जळक्या प्लास्टिकचा वास आला. जोडवायर पांढरी होती, ती बघता बघता तपकिरी झाली आणि धूर निघाला. पडदा काळा झाला. मामीने आतून येऊन भिंतीचं बटण बंद केलं. मामा मात्र अजून पडद्याकडेच बघत होता, गाडी कुठे गेली म्हणून. मग त्याने डब्यावर हात ठेवला, कान लावला, आणि म्हणाला, "अजून कच्चा होता." त्याला त्या सप्लायचं वाईट वाटलं होतं. गोऱ्हा मेल्यासारखं.

मी फोनवरून मॅडमना सांगितलं. फोनचंही नेटवर्क तुटत होतं. मामाने बैलासारखी फेरी दिली म्हणून कम्प्युटर जळला, हे तुटक्या आवाजात नागपूरच्या बाईंना कसं सांगणार. मी म्हटलं, लाइट गेली. त्या चांगल्या होत्या, दुपारपर्यंत थांबल्या. मी गोरेगावात दोन ठिकाणी विचारत फिरले. एका दुकानाचं शटर बंद होतं आणि दुसऱ्याच्या यंत्रावर ते काम चालेना. हार्ड डिस्कही गेली होती, माझे जुने व्हिडिओसुद्धा दाखवायला उरले नव्हते. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला की जागा भरली, पुढच्या वेळी नक्की कळवू. पुढची वेळ आलीच नाही. कंपनीच पुढे बंद पडली असं ऐकलं, पण ज्या मुलीला जागा मिळाली ती आज पुण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. मला वाटत होतं, आता कोणीतरी बोलेल. मी रात्रभर मनात जुळवलेलं सगळं मामाच्या तोंडावर बोलायला उभी राहिले. पहिलं वाक्य अर्धं झालं होतं. मामा पुढे आला, खाली वाकला आणि त्याने माझे पाय धरले.

आमच्याकडे भाचीच्या पाया पडतात. मामा कितीही मोठा असो, भाची देवीच्या जागी. लहानपणापासून तो दारात मला बघताच वाकायचा आणि मी पळून जायचे, मला लाज वाटायची. पण त्या दिवशी तो वाकला तो सगळ्यांसमोर, डोळ्यांत पाणी आणून, आणि म्हणाला, "माफ कर माय." पन्नाशी ओलांडलेला माणूस पायाशी. मामी पदर डोळ्याला लावून. शेजारचे दोघे दारात. माझं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं. त्यापुढे काहीही बोलले असते तर मीच वाईट ठरले असते.

बाबा म्हणाले, "मामानं पाय धरले. आता काय बाकी हाय?"

सगळंच बाकी होतं. पण तेवढ्यावर निकाल लागला, चहा झाला, आणि बाबा मला गाडीवर बसवून घरी घेऊन गेले. आजही आळीत सांगतात, बघा कसा मोठ्या मनाचा माणूस, भाचीचे पाय धरून माफी मागितली. त्याचं मन मोठं होतं याबद्दल वादच नाही. त्या मनात त्याच्या स्वतःशिवाय कोणाला बसायला जागा नव्हती, एवढंच.

त्याच हिवाळ्यात पटावरची बंदी उठली. सौंदडच्या एका मित्राकडे नवी जोडी होती आणि धुरकरी नव्हता. मामा त्याच संध्याकाळी गेला. संक्रांतीनंतर आम्ही गोरेगावला गेलो तेव्हा तो वाळला होता, काळा पडला होता आणि इतका आनंदात होता, की त्याच्याकडे बघून आईला रडू आलं. पुढच्या खोलीत माझा डबा नव्हता. मामीने तो माळ्यावर टाकला होता. त्या ठिकाणी आता पटात जिंकलेल्या ढालींची रांग लागायला सुरुवात झाली होती. मी मामाला विचारलं, ते कार्ड तरी काढून विकून टाकायचं होतंस, कोणाच्या कामाला आलं असतं.

"कोणतं कार्ड?" मामा म्हणाला.

मला वाटलं, टाळतो आहे. म्हणून मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो टाळत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याचे बैल परत आले होते, आणि मधली सगळी वर्षं, मोबाइल, गेम, गोंदियाचा दुकानदार, माझी परीक्षा, हे त्याच्या मागे राहिलं होतं. मी त्याला आठवण करून दिली नाही. त्या दिवशी मला त्याचा जितका राग आला, तितका डबा जळला तेव्हाही आला नव्हता. जळलं ते निदान त्याने पाहिलं होतं.

उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा तांदळाच्या व्यापारातला, माणसं बरी. मला कोणी मारून-मुटकून उभं केलं नाही. अट हरले होते, ती मी पाळली. नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं. आमच्या मामाने जाहीर केलं, की माझी भाची मोटारीत नाही, पटाच्या छकड्यात जाईल, आणि जोडी मी स्वतः हाकीन. सगळ्यांना ती कल्पना इतकी आवडली, की मला विचारायचं कोणाला सुचलं नाही. बैलांची शिंगं रंगवली, छकड्याला झेंडूच्या माळा लावल्या. शालू सावरत मला त्या अरुंद छकड्यात बसवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं मोबाइल काढून उभी होती. मांडव दोन शेतं पलीकडे दिसत होता.

मामा धुरेवर बसला. कासरे हातात गुंडाळले. आणि जे त्याने कधीच केलं नव्हतं ते केलं, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नवा फेटा, डोळे भरलेले.

"सांग बाई, कसा हाकू? हळू का जोरानं?"

मी तेवीस वर्षांची होते, आणि या माणसाने पहिल्यांदा मला काय हवं ते विचारलं होतं. मी म्हटलं, "हळू, मामा. जितका हळू होईल तितका."

तो हसला. त्याला वाटलं, मी घाबरले. त्याने तोंडाने आवाज काढला, आणि जोडी सुटली. माणसं शिट्ट्या मारत होती. मी दोन्ही हातांनी छकड्याची काठी धरून बसले होते. तो व्हिडिओ अजून लोकांच्या मोबाइलमध्ये आहे आणि त्यात वाऱ्याने माझं तोंड उघडलेलं दिसतं, ते हसल्यासारखं वाटतं. मांडवात पोचलो तेव्हा भटजीसुद्धा अजून यायचे होते. मामा उडी मारून उतरला, बैलांची पाठ थोपटली आणि आलेल्या माणसांना अभिमानाने सांगू लागला, की पाहा, मुहूर्ताच्या आधी आणली.